पंधरा दिवस पुढची तारीख

कॅलेंडर भिंतीवर असतं, खिळ्याला टांगलेलं, आणि त्यावर गॅसची टाकी कधी लावली ते लिहून ठेवतात, असा माझा साठ वर्षं समज होता. ते फोनमध्ये असतं, त्यात रंग असतात आणि वेळ झाली की ते वाजतं, हे फार उशिरा कळलं. कळलं म्हणजे काय, अजूनही पुरतं कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिते. माझं शिक्षण चौथी पास आहे. लिहायला वेळ लागतो, पण लिहिलेलं माझंच असतं.

माझं काम बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं. लातूरमध्ये तीसेक वर्षं केलं. सकाळी सहाला पहिलं घर, अकराच्या आत चौथं. एका घरी सव्वा महिना जायचं. तेल त्या घरचं, पाणी त्या घरचं, हात माझे. बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, छाती-पाठ चोळायची, हातपाय उलटसुलट जुळवायचे, मग कढत नाही आणि गारही नाही असं पाणी. बाहेरच्या माणसाला वाटतं यात काय मोठं. दोन दिवसांचं बाळ ओल्या हातात धरून बघा म्हणजे कळेल. पूर्वी मी धुरीही द्यायचे आणि टाळूवर तेल जिरवायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा मला बसवून सांगितलं की धूर लहान छातीला सोसत नाही. मी त्यांच्याशी चांगली भांडले, आणि दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद केली. आधी दिली त्या बाळांचं काय, हा विचार मधूनमधून येतो.

हे काम मी हौसेनं धरलं नाही. आमच्या गावात ते माझी सासू करायची. भूकंपात सासू गेली, घर गेलं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे तीन बायका दिवस भरत आलेल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "सुभद्रे, सासूचं बघितलंयस न्हवं, चल." एवढंच माझं शिक्षण. शेडमध्ये कोणाला तारीख-वार ध्यानात राहिले नव्हते. बाळ किती दिवसांचं विचारलं की आया म्हणायच्या, "हादऱ्यानंतर जेवण वाटायला गाडी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं." मीही तसंच लक्षात ठेवायला शिकले. नंतर लातूरला आलो, मालक वखारीत लागले, आणि मी घरोघर जायला लागले.

हे एकटीचं काम आहे. आजारी पडले तर बदली नाही. एका घरचं बाळ आठ दिवस आधी आलं की पुढची सगळी घरं हलतात. माझी पद्धत चिंचोक्यांची होती. प्रत्येक घराची एक डबी, गोळ्यांची नाहीतर तपकिरीची, आणि त्यात चाळीस चिंचोके. रोज घरी आल्यावर प्रत्येक डबीतला एक काढायचा. डबी रिकामी झाली की त्या घरचं काम संपलं. डबीवर नाव नसायचं. कोणती कोणाची ते मला ठाऊक होतं. मालक म्हणायचे, "तू मेल्यावर हे कोण वाचणार?" मी म्हणायचे, मेल्यावर कोण तेल लावायला जाणार आहे.

घराचं काम कधी लागणार हे मात्र डब्यांत बसत नव्हतं, आणि त्यातच या धंद्याची खरी गोम आहे. आमच्याकडे पोटुशीची तारीख कोणी खरी सांगत नाही. दृष्ट लागते म्हणून. डॉक्टरांनी दहा सांगितली असली तर सासू शेजारणीला सांगणार पंचवीस. हे खोटं बोलणं नव्हे, सगळ्यांना माहीत असलेली रीत आहे. ऐकणारी मनातल्या मनात पंधरा दिवस मागे येते. काही घरं आठच दिवस पुढं सांगतात, काही महिना. ते मी सांगणारीच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. "अजून लई दिस हायत" म्हणताना बाईनं पदर सारखा केला तर समजायचं, याच आठवड्यात. थेट विचारायचं नाही. एखादी चक्कर मारायची, चहा प्यायचा, सून उठताना कशी उठते ते बघायचं आणि निघायचं. या बाबतीत माझा अंदाज दोन-चार दिवसांपलीकडे कधी चुकला नाही. हे मी फुशारकीनं सांगते आहे.

मग लातूरला क्लासचं पेव फुटलं. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या गच्चीवर खोल्या निघाल्या. पोरं यायची, आणि पोरांच्या मागोमाग आया यायच्या. नवरा गावी नोकरीवर, आणि आई इथे दहा बाय दहाच्या खोलीत दोन वर्षं, पोराला गरम जेवण मिळावं म्हणून. गिऱ्हाईकंही बदलली. एक क्लासचे सर होते. त्यांनी बाळाचं टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलं होतं. सहा दहा ते सहा चाळीस मालिश. मी सहा वीसला गेले की ते घड्याळाकडे बघायचे. एकदा म्हणाले, "मावशी, मेहुण्याच्या मुलानं अडीच महिन्यांत मान धरली. आपलं कुठे कमी पडतंय?"

मी म्हणाले, "सर, मान त्याची आहे. त्याला धरू वाटली की धरील."

"तरी, वेळ वाढवायचा का?"

"वाढवा. तेवढा वेळ तुम्ही त्याला घेऊन बसा."

ते बसले नाहीत. पण टाइमटेबल काढून टाकलं.

आमच्या वरच्या खोलीत अशीच एक आई राहायला आली. मंदाताई. हिमायतनगरच्या. मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला. मंदाताई बी.कॉम. होत्या, लग्नाआधी एका पतसंस्थेत कामाला होत्या. मुलगी सकाळी गेली की संध्याकाळपर्यंत त्यांना काम नाही. एक दिवस त्या जिन्यात उभं राहून माझ्या डब्यांकडे बघत होत्या.

"सुभद्राबाई, हे काय करून राहिल्या?"

मी सांगितलं. त्यांनी दोन डब्या हलवून बघितल्या.

"आणि ही सांडली तर?"

"सांडली होती एकदा. त्या घरी चार दिवस जास्त गेले."

"तुम्हाला सोपं करून देते," त्या म्हणाल्या. "मी नुसती भिंती बघत बसून राहिले. डोकं गंजलं माझं."

मी हो म्हटलं ते त्यांच्या डोक्यासाठी. माझं काही अडलं नव्हतं.

त्यांनी माझ्या फोनमध्ये तीन गोष्टी केल्या. एक फॉर्म. तो व्हॉट्सॲपवर घरोघरी पाठवायचा. नाव, पत्ता, डॉक्टरांनी दिलेली तारीख, सकाळ की संध्याकाळ, हे लोकांनी आपणच भरायचं. दुसरं कॅलेंडर. फॉर्म भरला की मंदाताई ते घर त्यात रंगवणार, लातूरची घरं हिरवी, बाहेरगावची निळी. तिसरं, आदल्या दिवशी फोन वाजणार आणि उद्या कुठे जायचं ते दाखवणार. फुकटात होतं सगळं. चिंचोकेही फुकटच होते, पण ते वाजत नव्हते, हे मान्य केलं पाहिजे.

पहिले दोन महिने मी नुसती भांबावलेली होते. महिना दिसायचा तर दिवस दिसायचा नाही. बोट लागलं की वर्षच बदलायचं. एकदा मी एका घरी संध्याकाळी गेले, त्यांनी सकाळ लिहिली होती. एकदा फोन वाजला नाही म्हणून घरी बसले, तर त्याचा आवाजच बंद होता. मंदाताई म्हणायच्या, "अहो, खाली ओढा, वर सरकवा." मी खाली ओढायचे, वर सरकवायचे, आणि भलतंच उघडायचं. तरी हळूहळू जमलं. घरं विसरणं बंद झालं. क्लासवाल्यांच्या घरी तर माझा भाव वाढला. फॉर्म पाठवणारी मालिशवाली म्हणून माझं नाव एकमेकांना सांगायला लागले.

पण फॉर्म आला की मला एक गोंधळ व्हायचा, तो मी मंदाताईंना समजावू शकले नाही. फॉर्मवर तारीख असायची, पण सांगणारीचं तोंड नसायचं. ही तारीख डॉक्टरांची, की शेजारणीला सांगायची? मी विचारलंही.

"फॉर्मवर कोण कशाला खोटं लिहील?" मंदाताई म्हणाल्या. "तिथे लिहिलंय ना, डॉक्टरांनी दिलेली तारीख."

"मुलीनं स्वतः भरला असला तर खरी. सासूनं सांगून भरला असला तर पुढची."

"मग भरला कोणी, ते कसं कळणार?"

"तेच तर."

त्यांना हे अडाणीपणाचं वाटलं. मलाही थोडं वाटलं. छापलेल्या गोष्टीपुढे माझ्यासारखीचा आवाज बसतो. शिकलेल्या बाईनं केलंय, रंग दिलेत, त्यात आपण काय बोलणार.

आता कमलबाईंचं सांगते. या जळकोटकडच्या शेतकरी घरातल्या, लातूरला मुलाकडे राहायला आलेल्या. माझ्याच वयाच्या, मला एकेरीत हाक मारणाऱ्या. त्यांच्या तिन्ही मुलींची बाळंतपणं मी केलेली. सून रोहिणी. तिची दोन मुलं पोटातच गेली होती, दुसरं तर सातव्या महिन्यात. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा कमलबाई मला मंडईत भेटल्या. भाजी घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुभद्रे, ह्या बारीला पहिल्या दिसापासनं तू पायजेस. दुसरं कुणी नगं. पोरगी भेदरलीय."

मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून येते." शब्द दिला. पुढचं सगळं या शब्दाबद्दल आहे.

फॉर्म त्यांच्याकडेही गेला. आला तो पंचवीस तारखेचा. त्याच आठवड्यात नांदेडहून मंदाताईंच्या बहिणीच्या मुलीचा फॉर्म आला, सहा तारखेचा. तिला बारा दिवस, बारशापर्यंत मी हवी होते. राहायची सोय त्यांच्याकडेच. मंदाताईंनी एक निळी पट्टी केली आणि पुढे एक हिरवी.

"बघा," त्या म्हणाल्या, "एकावर एक येत नाही. नांदेड उरकून आरामात परत."

मला कमलबाईंची तारीख खटकली. एकदा जाऊन बघून यावं असं दोनदा मनात आलं. त्यांचं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. रोहिणी पाणी द्यायला उठली असती, तेवढं मला पुरलं असतं. मी गेले नाही. फोनमध्ये लिहिलेलं होतं. पुन्हा मंदाताई बहिणीला शब्द देऊन बसल्या होत्या. कारणं पुष्कळ सांगता येतील. पण मी गेले नाही हे खरं.

नांदेडची मुलगी शिकलेली, तिनं डॉक्टरांची तारीख जशीच्या तशी लिहिली होती. पण बाळाला तारखेचं काय. सहा गेली, सात गेली, मी त्यांच्या घरी बसून. दुसऱ्याच्या घरी काम नसताना बसणं फार अवघड. मी लसूण सोलला, गव्हातले खडे काढले. मुलीची आई म्हणायची, "मावशी, तुम्ही बसा हो." बाळ अकरा तारखेला आलं. मी कामाला लागले तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

सतरा तारखेला दुपारी कमलबाईंच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "मावशी, आई विचारती, तुमी रुसलाव का?"

"कशाला रुसू?"

"रोहिणीला मुलगी झाली. आज आठवा दिवस. तुमी आलाच न्हाई."

मी विचारलं, फोन का केला नाही. त्यानं फोन आईच्या हातात दिला.

कमलबाई म्हणाल्या, "फारम भरलाय की तुझा. मला वाटलं, त्येला कळत आसंल."

"त्यात पंचवीस तारीख आहे, कमलबाई."

"आगं, मग? आपुन पंद्रा दिस म्होरंच सांगतो, तुला काय नवीन हाय का? माझ्या पोरींच्या टायमाला कधी खरी सांगितली व्हती तुला? तरी तू दारात उबी ऱ्हायचीस."

"मला कळतं. फोनला कळत नाही."

"मग तुला ठावं व्हतं की. तू का आली न्हाईस?"

मी म्हणाले, "खरी तारीख लिहायची होती. ती फक्त मी आणि मंदाताई बघतो."

"कोण मंदाताई?" कमलबाई म्हणाल्या. "बग, म्हंजे बगतंय की कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. नांदेडच्या घरी बाळाची आजी होतीच. सात दिवस माझ्याशेजारी बसून तिनं सगळं बघितलं होतं. तिचा हात बरा होता. एस.टी.त मी तो फोन काढून ती हिरवी पट्टी बघत होते. ती पंचवीसवरच होती. कोणी पुसली नव्हती.

दुपारी थेट कमलबाईंकडे पोचले. हातपाय धुतले आणि आत गेले. रोहिणी पाटावर बसली होती, पाय लांब करून, पायांवर लेक. भिंतीला टेकवलेल्या फोनमध्ये कोणी एक बाई बाहुलीला तेल लावून दाखवत होती. रोहिणी त्यात बघायची आणि एक हात फिरवायची. पुन्हा बघायची. मी आले तरी मान वर केली नाही.

कमलबाई दारातून म्हणाल्या, "दोन दिस वाट बगितली तुजी. तिसऱ्या दिशी मी म्हणलं, मी करते. तर मला बी दीना. म्हणली, हात कापतेत तुमचे. डॉक्टरीणबाईला फोन करून इचारलं, त्या म्हणल्या, हळूच करा, तवापास्नं आपलं आपुन करती." मग सुनेला म्हणाल्या, "आता आल्यात न्हवं मावशी? दे की त्येंच्याजवळ."

मी पुढे बसले, तेलाचा हात केला. रोहिणीनं लेकीच्या पाठीवर आपला तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"न्हाई, मावशी," ती म्हणाली. "हे मी करते."

"अगं, त्येंनी शंभर पोरं केलीत," कमलबाई म्हणाल्या.

"केली असतील. ही न्हाई." ती रागावलेली नव्हती. "चुकत असलं तर सांगा. पर हात लावू नका."

ती दोन ठिकाणी चुकत होती. पायाचा घोटा धरायची तिची पद्धत वेडीवाकडी होती, पण त्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. पाणी मात्र ती बोटांनी बघत होती. मी सांगितलं, कोपर बुडवून बघ, बोटांना ऊन कमी लागतं. तिनं कोपर बुडवलं, थोडं गार मिसळलं आणि पुन्हा बुडवलं.

मी विचारलं, "मग तुझी पाठ तरी चोळू का?"

तिनं विचार केला. "ती चोळा."

पाठ चोळून घ्यायची तर बाळंतीण पालथी झोपते. रोहिणी लेकीला खाली ठेवायला तयार होईना. कमलबाई म्हणाल्या, माझ्याजवळ दे, नाही. पाळण्यात ठेव, नाही. शेवटी ती बसूनच राहिली, लेक मांडीवर, आणि मी मागे उकिडवी बसून तिची पाठ चोळली. पाठ दगडासारखी होती. तशी पाठ मी शेडमध्ये बघितली होती, नंतर फारशी नाही.

मंदाताईंना मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी लगेच फॉर्म उघडला. "यात आपण आणखी एक प्रश्न घालू या का? ही तारीख खरी आहे का, म्हणून?" मी म्हटलं, त्यालाही सासू 'हो'च लिहायला सांगणार. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फॉर्म बंद केला आणि म्हणाल्या, "माझी पतसंस्थाच बरी होती." त्यांना वाईट वाटलं होतं. पण चूक त्यांची नव्हती. त्यांनी पट्टी रंगवली होती. वीस मिनिटं चालत जायचं काम माझं होतं.

कॅलेंडर मी ठेवलं. लागलेली घरं त्यात छान राहतात. पोटुशीच्या घरी मात्र पुन्हा चक्कर मारायला लागले. फॉर्म आला की दोन दिवसांत चहाला जायचं. काही क्लासवाले म्हणायचे, मावशी, आता ऑनलाइन आहे ना सगळं, मग येता कशाला? मी म्हणायचे, चहाला.

चोवीस तारखेला मी रोहिणीच्या मागे बसून पाठ चोळत असताना फोन वाजला. ती म्हणाली, "बघा, कुणाचं तरी काम आसंल." मी ओल्या हातानं बघितलं आणि वाचून दाखवलं : "उद्या, रोहिणी, पहिला दिवस."

ती पहिल्यांदाच हसली. लेकीला म्हणाली, "ऐकलं का गं? उद्या व्हणार तू."

माझा हात तिच्या पाठीवर होता. ती हसली तेव्हा पाठ सैल पडली आणि पुन्हा घट्ट झाली.

त्या घरी मी सव्वा महिना गेले. रोहिणीनं लेक एक दिवसही माझ्या हातात दिली नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही. सकाळी सातची वेळ ठरली होती. मी रोज सातला तिथे होते.